नाताळनंतरचा आठवडा : स्टेट कॉलेजमधील घरचे दिवस



नाताळ झाला की १ जानेवारीपर्यंत आपले गाव अगदी शांत होते. याचे कारण गावाच्या जन्मातच आहे. १८५५ साली स्थापन झालेली शेतकी शाळा म्हणजेच आजचे पेन स्टेट विद्यापीठ. त्याच्याभोवती वस्ती वाढली आणि १८९६ साली तिला नगराचा दर्जा मिळाला. २०२० च्या जनगणनेत नगराची लोकसंख्या ४०,५०१ होती, आणि त्यात विद्यार्थ्यांचा भरणा मोठा. डिसेंबरच्या मध्यावर परीक्षा संपल्या की ही मुले आपापल्या घरी जातात. शाळांनाही सुट्टी असते. गावात नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी या दिवसांतील उपयोगी माहिती येथे एकत्र देत आहोत.

उजेड आणि घड्याळ
महाराष्ट्रात या सुमारास दिवस अकरा तासांचा असतो, येथे जेमतेम सव्वानऊ तासांचा. सूर्य साडेसातनंतर उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या आत मावळतो. भारतातून आलेल्या आई-वडिलांना हे फार जाणवते. तेव्हा ऊन असेल त्या दिवशी दुपारी बारा ते दोनमध्ये त्यांना बाहेर न्यावे. वाट निसरडी असेल तर ॲलन स्ट्रीटवरील श्लो वाचनालय उघडे आहे का ते पाहावे.

हिवाळ्यात भारतातील घड्याळ साडेदहा तास पुढे असते. येथे सकाळी साडेसात ते साडेदहा म्हणजे तिकडे संध्याकाळी सहा ते नऊ. घरी फोन करायला हीच वेळ बरी. ३१ डिसेंबरला तिकडे बारा वाजतात तेव्हा येथे दुपारचा दीड वाजलेला असतो. मुलांना जागरण न करता आजी-आजोबांबरोबर नवे वर्ष साजरे करता येते.

स्वयंपाकघर
थंडीत दही लागत नाही ही सर्वांचीच तक्रार. दूध कोमट असताना विरजण नेहमीपेक्षा थोडे जास्त घालावे आणि भांडे बंद ओव्हनमध्ये ठेवून आतला दिवा तेवढा लावावा. इडलीच्या पिठालाही हीच युक्ती चालते. दिवा एलईडी असल्यास मात्र ऊब मिळत नाही. ओव्हनच्या दारावर "आत दही आहे" अशी चिठ्ठी जरूर लावावी.

मकर संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. तीळ आणि चिकीचा गूळ याच आठवड्यात आणून ठेवावा. भोगीच्या भाकरीसाठी आणलेले बाजरीचे पीठ लवकर कडू होते, म्हणून ते फ्रीझरमध्ये ठेवावे.

बर्फ आणि हीटिंग
नगराच्या हद्दीत घरासमोरील पदपथावरचा बर्फ, तो पडायचा थांबल्यापासून २४ तासांच्या आत काढावा लागतो. ओला बर्फ फार जड असतो. हृदयविकार असलेल्यांनी फावडे हाती घेऊ नये. हीटिंगची बाहेर निघणारी नळी बर्फाने बुजू देऊ नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याच कारणाने बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवू नये, आणि त्या वायूची सूचना देणारा अलार्म चालू आहे ना हे तपासावे. गावाला जाताना हीटिंग पूर्ण बंद करू नये. ते ५५ अंश फॅरनहाइटवर ठेवावे, म्हणजे पाण्याचे नळ गोठून फुटत नाहीत.

मागे राहिलेले
सगळेच विद्यार्थी घरी जातात असे नाही. भारताचे तिकीट या दिवसांत महाग असते, आणि व्हिसाची मुदत संपलेली असली तर परत येण्यापूर्वी नवा घ्यावा लागतो. त्यामुळे आपली बरीच मुले येथेच राहतात. विद्यापीठाची बहुतेक भोजनगृहे बंद असतात, बसच्या फेऱ्या कमी होतात आणि खोलीतले सोबती गेलेले असतात. चार-चार दिवस कोणाशी मराठीत बोलणेही होत नाही. "कधीही ये" असे म्हटले तर मुले संकोचाने येत नाहीत. "रविवारी साडेबाराला घ्यायला येतो, वरण-भात आहे," असे सांगितले तर नक्की येतात. पंचपक्वान्ने लागत नाहीत. जेवण झाल्यावर डबाही बरोबर द्यावा.

आपल्या माहितीत असे कोणी एकटे असल्यास मंडळाच्या कार्यकर्त्यांना अवश्य कळवावे. सर्वांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा!