तराण्याचा तिसरा बंद

उर्दू शाळेत आम्ही राष्ट्रगीताला तराना म्हणतो आणि कडव्याला बंद. अमेरिकेच्या तराण्याचे चार बंद आहेत. मैदानावर गायिला जातो तो पहिला, वाद आहे तिसऱ्यावर. शत्रूच्या भाडोत्री सैनिकांना आणि गुलामांना लपायला जागा उरली नाही, असे त्यात विजयाच्या भरात म्हटले आहे. हे गुलाम कोण?

सप्टेंबर १८१४. इंग्रज आरमाराने बाल्टिमोरच्या मॅकहेन्री किल्ल्यावर रात्रभर भडिमार केला. सकाळी किल्ल्यावर झेंडा दिसला आणि फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाने हे गीत लिहिले. तो स्वतः गुलामांचा मालक होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंग्रज ॲडमिरल कॉक्रेनने जाहीरनामा काढला होता. अमेरिका सोडू इच्छिणाऱ्यांनी आमच्या फौजेत यावे, नाहीतर आमच्या वसाहतीत मोकळेपणी राहावे. 'गुलाम' हा शब्द त्यात नव्हता. ज्यांच्यासाठी होता त्यांना तो बरोबर समजला. सुमारे चार हजार जण सुटले, काही शेकड्यांनी बंदूक घेतली. ऑगस्टमध्ये ब्लेडन्सबर्गला अमेरिकन फौज पळाली, तेव्हा समोर हे काळे सैनिकही होते. आणि कीही त्या दिवशी तिथे होता.

काही अभ्यासक म्हणतात, राजाच्या प्रजेला गुलाम म्हणायची तेव्हा रीतच होती. असेलही. कीने काही गुलामांच्या सुटकेचे खटलेही चालवले होते. पण सरकारी वकील झाल्यावर १८३६ मध्ये गुलामगिरीविरोधी पत्रके बाळगल्याबद्दल रूबेन क्रँडलला कोर्टात खेचणारा हाच. (ज्युरीने त्याला निर्दोष सोडले.) ब्लेडन्सबर्ग पाहिलेल्या मालकाच्या लेखणीतून तो शब्द सहज उतरला असेल, हे आम्हाला पटत नाही.

१९३१ मध्ये हे गीत कायद्याने राष्ट्रगीत झाले. २०१६ मध्ये कॉलिन कॅपरनिक या खेळाडूने पोलिसी अन्यायाविरुद्ध ते चालू असताना गुडघा टेकला आणि तिसरा बंद पुन्हा चर्चेत आला.

वर्गात हे सांगताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तो फिर वो गद्दार हुए क्या?" आम्ही उलट विचारले, "जो मुल्क तुला बाजारात विकतो, त्याच्याशी गद्दारी कशी होते?" तास संपला, वाद संपला नाही.

युद्धानंतर अमेरिकेने आपले गुलाम परत मागितले. इंग्रजांनी ते दिले नाहीत. १८२६ मध्ये १२,०४,९६० डॉलर भरपाई कबूल केली. त्या सैनिकांना त्रिनिदादमध्ये जमिनी मिळाल्या. त्यांच्या वंशजांना तिथे आजही 'मेरिकिन' म्हणतात, म्हणजे अमेरिकन.