‘मोतीबिंदू पिकू द्या’ हा सल्ला आला कुठून?

सत्तरीच्या एका आजींना त्यांचा मुलगा घेऊन आला होता. उजवा डोळा लालभडक, प्रचंड ठणका, रात्रभर उलट्या. तपासले तर मोतीबिंदू पूर्ण पिकून फुगला होता आणि त्यामुळे डोळ्यातला दाब खूप वाढला होता. औषधांनी दाब खाली आणला, मग ऑपरेशन केले. दुखणे थांबले, लाली गेली, पण नजर परत आली नाही, कारण वाढलेल्या दाबाने डोळ्यामागची नस आधीच निकामी केली होती.

मुलगा म्हणाला, “डॉक्टर, दोन वर्षांपासून माहीत होतं हो. पण सगळे म्हणाले, पिकल्याशिवाय हात लावायचा नाही.”

मला त्याचा राग आला नाही, कारण हा सल्ला गावातल्या कुणी मनाने रचलेला नाही. एकेकाळी तो डॉक्टरच देत असत आणि त्या काळी तो बरोबरही होता. “थंडीतच करा”, “आठ दिवस मान हलवायची नाही”, “नंतर जाड चष्मा लागतोच” या वाक्यांचेही तसेच आहे. प्रत्येकामागे एक जुनी पद्धत आहे. पद्धती बदलल्या, वाक्ये मात्र घराघरांत राहिली. म्हणून आज हा इतिहास सांगतो.

पडदा नव्हे, भिंग

बाहुलीच्या मागे आपल्या डोळ्यात एक पारदर्शक नैसर्गिक भिंग असते. वयानुसार त्यातली प्रथिने बदलतात आणि ते गढूळ होते. अंड्यातला पारदर्शक बलक उकडल्यावर पांढरा होतो, तसेच काहीसे. पूर्ण पिकलेले भिंग बाहुलीत मोत्यासारखे पांढरे दिसते, म्हणून मोतीबिंदू.

बरेच रुग्ण म्हणतात, “डोळ्यावर पडदा आलाय, तेवढा काढून टाका.” जगभरातल्या वैद्यांचाही शेकडो वर्षे हाच समज होता. ‘कॅटरॅक्ट’ या लॅटिनमधून आलेल्या शब्दाचा एक अर्थ धबधबा. डोक्यातून काही द्रव खाली उतरतो आणि भिंगापुढे त्याचा पडदा तयार होतो, असे ते मानत. १७०५ मध्ये मिशेल ब्रिसो या फ्रेंच डॉक्टराने एका मृत सैनिकाचा डोळा उघडून पाहिला आणि गढूळ झालेले असते ते खुद्द भिंगच, हे दाखवले. ‘पडदा’ खरवडून किंवा थेंब घालून मोतीबिंदू का जात नाही, याचे उत्तर यातच आहे.

सुश्रुतांची शलाका

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘लिंगनाश’ या विकारावरची शस्त्रक्रिया दिली आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या जगातल्या सर्वांत जुन्या वर्णनांपैकी हे एक मानले जाते. रुग्णाला स्वतःच्या नाकाकडे पाहायला सांगायचे आणि जवाच्या टोकासारखे तोंड असलेल्या शलाकेने बुबुळाच्या बाजूला छिद्र करायचे. नंतर तूप लावलेला कापूस ठेवून डोळा बांधायचा. रुग्णाने उताणे पडून राहायचे; शिंक, खोकला, ढेकर, थुंकणे वर्ज्य. ऋतूही फार उष्ण किंवा फार थंड नसावा.

पुढे भारतात आणि इतर अनेक देशांत रूढ झालेल्या या पद्धतीत भिंग बाहेर काढत नसत. सुईने ढकलून ते डोळ्याच्या आतल्या पोकळीत पाडत. वाटेतला अडसर दूर झाला की रुग्णाला लगेच उजेड आणि आकार दिसू लागत. आंधळा माणूस क्षणात बोटे मोजतो आहे, हे पाहणाऱ्यांना चमत्कारच वाटे.

पण पाडलेले भिंग आतच राहिल्याने कित्येक डोळ्यांत नंतर सूज येई, दाब वाढे किंवा जंतुसंसर्ग होई. तोवर गावोगाव फिरणारा सुईवाला पुढच्या गावी गेलेला असे. मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयाचे प्रमुख राहिलेले रॉबर्ट हेन्री एलियट यांनी असे बिघडलेले डोळे मोठ्या संख्येने तपासले आणि या विषयावर १९१७ मध्ये लंडनला व्याख्याने दिली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीपर्यंत ही पद्धत आपल्याकडे सर्रास चालू होती. “डोळ्यात सुई घालतात आणि डोळा जातो” ही भीती तिथून आली आहे.

युरोपातही वेगळे नव्हते. थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्या डोळ्यांवर १७५० च्या वसंतात जॉन टेलर या फिरत्या इंग्रज डॉक्टराने दोनदा शस्त्रक्रिया केली. बाख यांची दृष्टी गेली आणि त्याच वर्षी २८ जुलैला त्यांचे निधन झाले.

भिंग बाहेर काढण्याची सुरुवात

त्याच्या तीनच वर्षे आधी, १७४७ मध्ये, जॅक डॅव्हिएल या फ्रेंच शल्यविशारदाने एका रुग्णाच्या बुबुळाच्या कडेला छेद देऊन गढूळ भिंग बाहेर काढले. १७५२ मध्ये त्याने ही पद्धत पॅरिसमधल्या शल्यविशारदांच्या अकादमीपुढे मांडली. आजच्या ऑपरेशनची खरी सुरुवात इथे झाली.

आपल्या भोसले घराण्याचाही या इतिहासाशी संबंध आहे. तंजावरच्या गादीवरचे दुसरे सरफोजीराजे (१७७७–१८३२) यांना वैद्यकाची, विशेषतः नेत्रचिकित्सेची, फार आवड होती. त्यांनी ‘धन्वंतरी महाल’ उभारला. त्यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. उपचाराआधी डोळा कसा होता आणि नंतर कसा झाला हे लिहून ठेवण्याची ही शिस्त फिरत्या सुईवाल्याकडे कधीच नव्हती.

भूल मात्र अजून नव्हती. माणसे धरून ठेवत आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाचा डोळा कापत. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने कोकेनचे थेंब डोळ्यात घातल्यावर डोळा बधिर होतो हे दाखवले. आज आम्ही वापरतो ते बधिर करणारे थेंब वेगळे आणि अधिक सुरक्षित आहेत, पण कल्पना तीच.

‘पिकू द्या’ आणि ‘हलू नका’

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. कच्च्या मोतीबिंदूत भिंगाचा काही भाग मऊ आणि चिकट असतो. जुन्या साधनांनी तो पूर्ण निघत नसे आणि मागे राहिलेल्या तुकड्यांमुळे डोळा सुजे. पिकलेले भिंग त्या मानाने स्वच्छ निघे. म्हणून डॉक्टर म्हणत, पिकू द्या.

दुसरे कारण चष्म्याचे. काढलेल्या भिंगाच्या जागी काहीच बसवत नसत. त्यामुळे सुमारे दहा नंबरचा, बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागे. त्यातून सगळे पाव पटीहून अधिक मोठे दिसे. दुसरा डोळा चांगला असेल तर दोन डोळ्यांची दोन वेगळी चित्रे जुळत नसत, एकाचे दोन दिसत. म्हणून दुसरा डोळाही अधू होईपर्यंत थांबणे शहाणपणाचे ठरे.

‘हलू नका’ याचे कारण जखमेत होते. भिंग अख्खे बाहेर यायचे, तर छेद मोठाच हवा. तो जवळजवळ सेंटिमीटरभर लांब असे आणि डोळ्याला घालण्याजोगा बारीक टाका बराच काळ उपलब्ध नव्हता. एक जोराची शिंक आली तरी जखम उघडून डोळ्यातला ऐवज बाहेर येऊ शके. म्हणून दोन्ही डोळे बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून रुग्णाला कित्येक दिवस निजवून ठेवत.

आणि ‘थंडीतच करा’? आपल्याकडची मोठी शिबिरे शाळांत आणि धर्मशाळांत भरत. उन्हाळ्यात पट्टीखाली घाम येई, पावसाळ्यात चिखल आणि ओल. सुगी संपलेली असली की घरच्यांनाही सोबत राहता येई. त्या परिस्थितीत हिवाळाच सोयीचा होता.

विमानाच्या काचेतून आलेली कल्पना

दुसऱ्या महायुद्धात काही ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लॅस्टिकचे कण घुसले होते. लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी पाहिले की हे कण आत राहूनही डोळा शांत राहतो. पुढे मोतीबिंदूचे ऑपरेशन पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने त्यांना विचारले, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे का बसवत नाही? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस रुग्णालयात रिडली यांनी तशाच प्लॅस्टिकपासून बनवलेली पहिली कृत्रिम लेन्स बसवली.

डोळ्यात परकी वस्तू मुद्दाम ठेवायची, हे अनेक नामवंत डॉक्टरांना पटले नाही. रिडली यांना कित्येक वर्षे विरोध सोसावा लागला. उतारवयात त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही अशाच लेन्स बसवल्या गेल्या. २००० साली, मृत्यूच्या एक वर्ष आधी, त्यांना ‘सर’ किताब मिळाला. जाड चष्म्यापासून तुमच्या आईवडिलांची सुटका झाली ती या कल्पनेमुळे.

राहिला मोठ्या छेदाचा प्रश्न. न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांना त्याचे उत्तर दंतवैद्याच्या खुर्चीत सापडले. दात साफ करणारे अल्ट्रासाउंडचे उपकरण पाहून त्यांच्या मनात आले की अशाच कंपनांनी भिंगाचे आतल्या आत तुकडे करून ते ओढून घेता येतील. १९६७ मध्ये त्यांनी हे रुग्णावर करून दाखवले. हीच आजची ‘फेको’. पुढे घडी घालता येणाऱ्या लेन्स आल्या आणि दोन-तीन मिलिमीटरच्या छेदात काम होऊ लागले.

ही लेन्स गरिबाच्या डोळ्यापर्यंत पोहोचवण्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांची बोटे संधिवाताने वाकडी झाली होती, तरी ते शस्त्रक्रिया करत. निवृत्तीनंतर १९७६ मध्ये त्यांनी मदुराईत अवघ्या ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. परदेशी लेन्स महाग पडत, म्हणून १९९२ पासून ‘ऑरोलॅब’मध्ये स्वस्त लेन्स बनू लागल्या.

आज तुमच्यापुढे काय पर्याय आहेत?

फेको: लहान छेद, बहुधा टाका नाही, थेंबांची किंवा इंजेक्शनची भूल. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात.

एसआयसीएस: सहा-सात मिलिमीटरचा, आपोआप मिटणारा छेद. खर्च कमी. खूप पिकलेल्या, कडक मोतीबिंदूत अनेकदा हीच पद्धत अधिक सुरक्षित ठरते. ती ‘जुनी’ किंवा ‘हलकी’ नाही.

लेसर: काही ठिकाणी ऑपरेशनचे सुरुवातीचे टप्पे लेसरने करतात, पण नुसत्या लेसरने मोतीबिंदू जात नाही. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी काहींच्या लेन्समागची पिशवी धुरकट होते. ती लेसरने काही मिनिटांत साफ होते.

लेन्स: मोनोफोकलने बहुधा लांबचे स्पष्ट दिसते, वाचायला चष्मा लागतो. मल्टिफोकलने चष्म्याची गरज कमी होते, पण काहींना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. टोरिक लेन्स तिरक्या नंबरासाठी. सर्वांत महाग लेन्स सर्वांसाठी सर्वांत चांगली, असे नसते.

ऑपरेशन कधी करायचे? वाचन, स्वयंपाक, रस्ता ओलांडणे, गाडी चालवणे यात अडचण येऊ लागली की. पिकण्याची वाट पाहिली तर भिंग कडक होते आणि ऑपरेशन अवघड होते. ऋतू कोणताही चालतो. मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात हवा. धोका शून्य नाही, म्हणून ऑपरेशननंतर डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर अचानक कमी झाली तर सकाळची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना गाठा.

त्या आजींचा डावा डोळा आम्ही पुढच्याच महिन्यात केला, न पिकवता. आता त्या स्वतः तांदूळ निवडतात. शेजारच्या बाईंना मोतीबिंदू सुरू झाल्याचे कळल्यावर त्यांनीच तिला माझ्याकडे धाडले. “पिकायची वाट बघू नकोस, माझा एक डोळा त्यातच गेला,” असे त्यांनी तिला सांगितले.