तुरटी-क्लोरीनचं माप यंत्राकडे दिलं की काय होतं?

बेळगावला राकसकोप आणि हिडकल, गोव्यात ओपा, इंदूरला नर्मदा. पाणी वेगवेगळ्या ठिकाणचं, पण पहिला मोठा पाऊस झाला की जलशुद्धीकरणातली अडचण सगळीकडे एकच. नदी काही तासांत गढूळ होते आणि तुरटीचा कालचा डोस आज पुरत नाही.

डोस ठरवण्याची जुनी आणि आजही भरवशाची पद्धत म्हणजे जार टेस्ट. पाच-सहा भांड्यांत कच्चं पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटी थोडी वाढवत न्यायची, ढवळून निवळू द्यायचं आणि कमीत कमी तुरटीत कुठलं पाणी स्वच्छ झालं ते बघायचं. दिवसाला १ कोटी लिटर पाणी देणाऱ्या केंद्रात लिटरमागे ३० मिलिग्रॅम ठरलं तर रोज ३०० किलो तुरटी लागते. ५० ठरलं तर ५०० किलो. पण रात्री दोनला पाणी बदललं तर ही टेस्ट करणार कोण? तुरटी कमी पडली तर गाळ फिल्टरवर येतो, जास्त झाली तर खर्च वाढतो आणि पाण्यात ॲल्युमिनियम उरू शकतं.

इथे ऑटोमॅटिक डोसिंग कामाला येतं. साध्या प्रकारात फ्लो मीटरच्या आकड्याप्रमाणे डोसिंग पंपाचा वेग बदलतो. मात्र त्याला पाणी किती आलं एवढंच कळतं, कसं आलं ते नाही. त्यासाठी गढूळपणा मोजणारा सेन्सर लागतो. काही केंद्रांत तुरटी मिसळल्यावर कणांवर किती विद्युतभार उरला तेही मोजतात. क्लोरीनचा हिशेब उलट बाजूने होतो: पाण्यातली घाण क्लोरीन खाते, म्हणून किती टाकलं यापेक्षा किती उरलं ते मोजायचं आणि त्यावरून पंपाला सुधारायचं. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरायला हवं.

ही मोजणी नसली तर काय होतं, ते कॅनडातल्या वॉकरटन गावाने मे २००० मध्ये पाहिलं. जोरदार पावसात शेतातल्या शेणखताचे जंतू गावच्या एका विहिरीत उतरले. क्लोरीन टाकलं जात होतं, पण वाढलेल्या घाणीपुढे ते पुरलं नाही. कर्मचारी तर मोजणी न करताच वहीत आकडे भरत. सात जण दगावले, सुमारे २,३०० आजारी पडले. क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं असती तर साथ टळली असती, असं चौकशीत स्पष्ट म्हटलं आहे.

अर्थात यंत्र बसवलं म्हणजे माणूस मोकळा झाला, असं नाही. सेन्सरवर शेवाळ-गाळ चढला आणि तो क्लोरीन खरंपेक्षा कमी दाखवू लागला, की पंप बिनदिक्कत जास्त क्लोरीन सोडत राहतो. म्हणून पंपाला कमाल मर्यादा घालावी लागते, आकडा बिघडल्यास अलार्म लागतो, आणि सेन्सर नियमित पुसून त्याचा आकडा हातातल्या टेस्ट किटशी ताडून बघावा लागतो. शिवाय केंद्रात सगळं ठीक दिसलं तरी वाटेत गळकी पाइप असू शकते. त्यामुळे शेवटच्या गल्लीतल्या नळाचं पाणी वेगळं तपासावंच लागतं.