कॅप्टन जेकबचे पुणे, आणि ताऱ्याला बिलगलेले महाग्रह

दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा दावा १८५५ सालीच झाला होता. तो करणाऱ्या माणसाने आकाशाचे वेध घेण्याचा सराव केला होता पुण्यात.

विल्यम स्टीफन जेकब हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई अभियंता दलातील अधिकारी. १८४२ मध्ये त्याने पुण्यात खासगी वेधशाळा उभारली. तेथील वेधांतून २४४ जोडताऱ्यांची यादी सिद्ध झाली. पुढे तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला. भुजंगधारी तारकासमूहातील '७० ऑफियुची' या जोडताऱ्याची कक्षा गणिताशी जुळेना, तेव्हा तेथे एखादा अदृश्य ग्रह असावा, असे अनुमान त्याने मांडले.

तो ग्रह पुढील निरीक्षणांत टिकला नाही. ताऱ्याचे स्थान मोजून असा सूक्ष्म फरक पकडणे त्या काळच्या दुर्बिणींच्या आवाक्यात नव्हतेच. १८६२ मध्ये पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा उभारण्यासाठी जेकब परत आला, आणि १६ ऑगस्टला पुण्यातच वारला. वय अवघे ४८.

त्यानंतर नव्वद वर्षांनी ऑटो स्ट्रूव्ह यांनी वेगळी वाट सुचवली. ग्रह ताऱ्याला ओढतो. तारा आपल्याकडे येताना त्याच्या वर्णपटातील रेषा निळ्या बाजूस सरकतात, दूर जाताना तांबड्या. मग ती गतीच का मोजू नये? गुरूएवढा ग्रह ताऱ्याच्या अगदी निकट असेल, दिवसाभरात फेरी मारत असेल, तर ती मोजताही येईल. १९५२ चा हा छोटासा लेख जवळपास दुर्लक्षितच राहिला.

कारण उघड होते. आपला गुरू सूर्याभोवती फिरायला सुमारे १२ वर्षे घेतो. महाग्रह ताऱ्यापासून दूर, थंड प्रदेशातच घडतात, अशी सर्वांची खात्री होती. म्हणून शोधही वर्षानुवर्षांच्या फेऱ्यांचाच चालला. कॅलिफोर्नियातील मार्सी आणि बटलर यांच्याकडे कित्येक वर्षांची मोजमापे साठली होती, पण त्यांतील बहुतेकांचे विश्लेषण व्हायचे होते. घाई कशाची, असेच वाटले असावे!

६ ऑक्टोबर १९९५. फ्लॉरेन्सच्या परिषदेत स्वित्झर्लंडचे मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी '५१ पेगासी' भोवतीचा ग्रह जाहीर केला. वस्तुमान गुरूच्या निम्म्याच्या आसपास आणि वर्ष केवळ ४.२ दिवसांचे! ताऱ्यापासूनचे त्याचे अंतर बुध-सूर्य अंतराच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतके. ताऱ्याचे डोलणे सेकंदाला साधारण ५५ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटर. काही दिवसांतच मार्सी-बटलर यांनी त्यास दुजोरा दिला. मग स्वतःची जुनी मोजमापे उघडली, तर त्यांतही ग्रह निघाले. मेयर आणि केलो यांना २०१९ चे नोबेल मिळाले.

हे ग्रह इतक्या जवळ पोहोचले कसे? बहुतेक अभ्यासकांच्या मते ते दूर जन्मले आणि आत सरकले. कसे सरकले, यावर मात्र वाद अजून मिटलेला नाही.

त्याच २०१९ च्या डिसेंबरात 'एचडी ८६०८१' या ताऱ्याला आणि त्याच्या ग्रहाला नावे देण्याचा मान भारताला मिळाला. ताऱ्याचे नाव 'बिभा', मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील पहिल्या महिला संशोधक बिभा चौधरी यांच्या स्मरणार्थ. ग्रहाचे नाव 'संतमस'. संस्कृतात सर्वत्र दाटलेला अंधार. त्याचे वातावरण ढगाळ असावे, या कल्पनेतून ते आले. गुरूहून जड असलेल्या या ग्रहाचे वर्ष दोन दिवस आणि तीन तासांचे आहे. नाव सुचवणारा विद्यार्थी १३ वर्षांचा होता, आणि तो पुण्याच्या शाळेतला होता.