संगीत नाटक मंडळ्या, व्यावसायिक : वैनगंगाकाठ आणि बैहर

युरोपात ज्यास ऑपेरा म्हणतात तो आद्यंत गाऊन करावयाचा नाट्यप्रकार मराठी मुलखात रुजला नाही. त्याच्या जागी येथे गद्य संवादांत पदे गुंफलेले संगीत नाटक उभे राहिले, आणि ते घेऊन तिकिटाच्या उत्पन्नावर गावोगाव फिरणाऱ्या संस्थेस ‘मंडळी’ व लोकांच्या तोंडी ‘कंपनी’ हे नाव पडले. बैहर (जि. बालाघाट, मध्य प्रदेश) हे अशा मंडळ्यांचे गाव नव्हे. तथापि नाटकाची मराठी वस्ती जेथे संपते आणि गोंड-बैगांच्या करमा नृत्याचा मुलूख जेथे सुरू होतो त्या सीमेवर ते वसलेले असल्यामुळे, या धंद्याचे बळ आणि त्याच्या मर्यादा तेथून पुण्यामुंबईपेक्षा अधिक स्वच्छ दिसतात.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात ‘संगीत शाकुंतल’चे आरंभीचे अंक रंगभूमीवर आणले, 1882 मध्ये ‘सौभद्र’ आले, आणि पुढील चाळीस वर्षे मराठी मध्यमवर्गाच्या करमणुकीचा बहुतेक इजारा संगीत मंडळ्यांकडे राहिला. केशवराव भोसले यांची ललितकलादर्श 1908 मध्ये हुबळीस निघाली. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. दीनानाथ मंगेशकरांची बळवंत संगीत मंडळी 1918 ची. व्हेनिसमध्ये 1637 साली तिकीट लावून पहिले सार्वजनिक ऑपेरागृह उघडले तेव्हा गायकास दरबाराच्या जोडीने नवा धनी मिळाला. आपल्याकडेही बडोद्यासारख्या संस्थानांचा आश्रय असला, तरी मंडळीचे खरे पोट पिटातल्या आणि खुर्च्यांतल्या गल्ल्यावरच भरत असे. तो प्रेक्षक पदाला ‘वन्समोअर’ देई, बालगंधर्वांची एकच ओळ पुनःपुन्हा मागे, आणि खेळ पहाटेपर्यंत लांबला तरी जागा सोडीत नसे.

मंडळ्यांचा प्रवास आगगाडीच्या मार्गाने होई, कारण पडदे, पेट्या, ऑर्गन, आचारी आणि चाळीस-पन्नास माणसांचे बिऱ्हाड बैलगाडीने फार दूर नेणे परवडत नव्हते. नागपूर, अमरावती आणि वऱ्हाडातील शहरे ही म्हणूनच त्यांची हुकमी ठाणी होती. राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी नागपूरजवळच्या सावनेरास वारले आणि त्यांच्या ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग पुढच्याच महिन्यात गंधर्व मंडळीने बडोद्यास केला, यावरून मध्यप्रांताचा आणि या रंगभूमीचा संबंध किती निकटचा होता हे कळावे. बालाघाट जिल्हा 1867 मध्ये भंडारा, मंडला व शिवणी या जिल्ह्यांतील मुलूख काढून बनविला गेला व नागपूर विभागात मोडत असे. गोंदियाहून निघणारी अरुंद मापाची गाडी विसाव्या शतकाच्या आरंभी बालाघाटास पोहोचली. मात्र बैहर घाटावर असल्यामुळे तेथे रूळ कधीच गेले नाहीत. नाटकाच्या इतिहासात ही बाब क्षुल्लक वाटेल, परंतु मंडळी कोठे जाते आणि कोठे जात नाही याचा निर्णय रसिकतेपेक्षा वाहतुकीच्या खर्चाने अधिक वेळा झालेला आहे.

शहरी मंडळ्यांचा ऱ्हास एका कारणाने झाला नाही. केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांचा ‘संयुक्त मानापमान’ 8 जुलै 1921 रोजी मुंबईस झाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव निवर्तले. जरीचे शालू, गालिचे आणि अत्तरे यांवर सढळ खर्च करणारी गंधर्व मंडळी कर्जात रुतली. 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपट आणला, आणि जे गाणे ऐकण्यासाठी रात्र जागवावी लागे ते काही आण्यांत, अडीच तासांत मिळू लागले. बालगंधर्व स्वतः 1935 मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त गेले. सारा दोष बोलपटावर टाकण्याची आपल्या नाट्येतिहासकारांची खोड आहे; जमाखर्चाच्या वह्या बोलपटापूर्वीच बिघडल्या होत्या, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुढे ‘पंडितराज जगन्नाथ’ (1960) व ‘कट्यार काळजात घुसली’ (1967) यांनी संगीत नाटकास पुन्हा गर्दी मिळवून दिली, पण ती नाटकास मिळाली. एका छपराखाली जेवणारी, वर्षभर पगार देणारी मंडळी त्यातून परत उभी राहिली नाही.

ती व्यवस्था, पुष्कळ बदललेल्या रूपात, आज जिवंत आहे ती झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत. दंडार आणि खडी गंमत या स्थानिक प्रकारांच्या मातीत संगीत नाटकाचे कलम येथे लागले आणि वैनगंगेच्या काठावरील वडसा (देसाईगंज) हे त्या धंद्याचे केंद्र झाले. दसरा-दिवाळीच्या सुमारास वडशात कंपन्या आपली कार्यालये थाटतात. गावोगावची मंडळे तेथे येऊन तारीख आणि रक्कम ठरवतात, इसार देतात, आणि गावी जाऊन तिकिटे स्वतः विकतात. नुकसानीची जोखीम अशा रीतीने बहुतांशी गावाकडे जाते व कंपनीला ठरलेली रक्कम मिळते. हंगाम होळीच्या आसपास आटोपतो. या रंगभूमीवर आयुष्य वेचलेले गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली.

प्रयोग पाहावा तो कापणी झालेल्या बांधीत. तणसावर सतरंजी वा घोंगडी अंथरून कुटुंबेच्या कुटुंबे बसलेली असतात, पुढे खुर्च्यांचे तिकीट वेगळे, रंगमंचाच्या कडेला ऑर्गन आणि तबला, आणि रात्री दहाच्या पुढे केव्हातरी नांदी झाली की पहाटेच्या गारठ्यापर्यंत कोणी उठत नाही. उठले तरी चहाच्या टपरीपर्यंत. पदांत शास्त्रोक्त रागदारी थोडी आणि लावणी किंवा चित्रपटी चाल अधिक असते, विनोदी पात्र झाडीबोलीत बोलते व नायक प्रमाण मराठीत, यावर शहरी समीक्षक नाक मुरडतात. परंतु पाहुण्यांना नाटकाचे आवतण धाडणे, त्या निमित्ताने जमलेल्या नातलगांत सोयरिकी जुळणे, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक असा गावाचा उत्सव साजरा होणे, हे सारे या प्रेक्षकाच्या संसाराचा भाग आहे. शंकरपटावर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली तेव्हा तिची झळ नाटकालाही लागली. 2023 मध्ये न्यायालयाने राज्यांचे नवे कायदे ग्राह्य धरले.

इंग्लंडात 2022 साली सरकारी कला-मंडळाने इंग्लिश नॅशनल ऑपेराचे अनुदान लंडनबाहेर जाण्याच्या अटीशी बांधले, आणि त्या प्रतिष्ठित संस्थेस मँचेस्टरकडे बिऱ्हाड हलविण्याची तयारी करावी लागली. अनुदानावर जगणारी मंडळी एका पत्राने हलते. धानाच्या पैशावर जगणारी मंडळी पावसाने हलते. झाडीपट्टीचा प्रेक्षक नाटकाला येतो तो हातात पीक विकल्याचे रोख पैसे असताना आणि शेतात काम नसताना, म्हणूनच तो संबंध रात्र देऊ शकतो; गंधर्व मंडळीच्या उत्तरकाळात शहरी प्रेक्षकाकडे ती रात्र उरली नव्हती.

बैहर या वर्तुळाच्या बाहेर कसे राहिले, याचे उत्तर अंशतः भूगोलात आहे. जिल्ह्याच्या खालच्या भागाचे पाणी वैनगंगेस, तर घाटावरून कान्हाच्या जंगलाकडे वाहणाऱ्या बंजर नदीचे पाणी नर्मदेस जाते. लांजी-बालाघाटकडील पोवारी आणि मराठी बोलणारी वस्ती घाट चढताना विरळ होते. दिवाळीनंतर दोन्हीकडे जत्रा भरते, खाली तिला मंडई आणि वर मड़ई म्हणतात, पण बैहरकडच्या जत्रेत पाय वळतात ते मांदराच्या तालावर. तिथल्या गोंड-बैगांना गाणे पाहावयाचे नसते, स्वतः नाचावयाचे असते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना होऊन विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. त्यानंतर शाळा, कचेरी आणि पाटी हिंदीत झाली व मराठी नाटकाच्या प्रेक्षकाची नवी पिढी येथे तयार होण्याचे मुख्य साधन घरातील बोलणे एवढेच उरले.

बैहरच्या वाचकाला संगीत नाटकाची चालती मंडळी पाहावयाची असल्यास त्याने धान कापून झाल्यावर, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, घाट उतरून बालाघाटावरून गोंदिया गाठावे आणि तेथून दक्षिणेकडे वडशाचा रस्ता धरावा. सोबत घोंगडी असावी, आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची धरावी.