सारंगखेड्याच्या यात्रेतला एक प्रश्न

दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. मागे तिथे ओळखीचे एक म्हातारे व्यापारी चाचा भेटले. निवडणुकीच्या गप्पा निघाल्या. म्हणाले, "बेटा, बाई निवडून आली काय अन् न आली काय! कारभार तर नवराच बघतो."

मला उत्तर सुचले नाही, कारण माझी अम्मी पाच वर्षे ग्रामपंचायत सदस्य होती. सभेला अब्बा जायचे. ठरावाचे रजिस्टर घरी यायचे आणि अम्मी चुलीपाशी बसून सही करायची.

पण इतिहास एवढ्यावर थांबत नाही. सारंगखेडा ज्या शहादा तालुक्यात येते, तिथेच १९७२ नंतर श्रमिक संघटनेच्या चळवळीतल्या आदिवासी बायांनी दारूची मडकी फोडली. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायांनीच हे केले. त्यांच्यातली कोणी आमदार नव्हती. पुढे कित्येक वर्षांनी महाराष्ट्रात नियम आला, की गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दारूचे दुकान बंद. या मतदानात पुरुषांना मतच नाही! चाचांना हे सांगितले असते तर हसले असते बहुधा.

सभागृहातले उदाहरण मृणाल गोरे यांचे. मुंबईत त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणत. १९८५ साली त्या पुन्हा विधानसभेत गेल्या आणि गर्भलिंग चाचणीविरुद्ध खासगी विधेयक घेऊन उभ्या राहिल्या. बाहेर महिला संघटनांचा रेटा होताच. शेवटी सरकारनेच १९८८ साली कायदा केला, देशातला असा पहिला. केंद्राचा कायदा यायला १९९४ उजाडले. अर्थात कायद्याने सगळे साधले असे नाही. राज्यात दर हजार मुलग्यांमागे सहा वर्षांपर्यंतच्या मुली २००१ साली ९१३ होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या.

आपल्या बायांचे काय? संविधान सभेत मुस्लिम स्त्री एकच होती, बेगम एजाज रसूल. २०२३ साली लोकसभा आणि विधानसभांत महिलांसाठी एकतृतीयांश जागांची घटनादुरुस्ती झाली. अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांना त्यात वाटा आहे, मुस्लिम स्त्रियांसाठी वेगळा नाही. मला हे खटकते. तिकीट वाटणारे आपल्या मोहल्ल्यात कितीदा येतात, ते आपण जाणतोच.

अम्मी त्या पाच वर्षांत एकदाच सभेला गेली. उर्दू शाळेत मुलींसाठी संडास नव्हता, मुली दुपारीच घरी पळायच्या. अब्बांनी तो विषय कधी काढला नव्हता. त्यांना तो माहीतच नव्हता. अम्मीने काढला. त्याच वर्षी संडास बांधला गेला.