तुटलेला बंध आणि शस्त्रक्रियेचा मुहूर्त

मोडलेलें हाड लवकर बसवावें, फाटलेली जखम ताबडतोब शिवावी, हें कोणालाहि सहज पटतें. परंतु गुडघ्याच्या आंतील बंध तुटला असतां शस्त्रक्रिया केव्हां करावी, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचें उत्तर शस्त्रवैद्यांनीं गेल्या सव्वाशें वर्षांत अनेक वेळां बदललें आहे. हा बदल केवळ मतांच्या लहरीमुळें झाला नाहीं. प्रत्येक वेळीं रुग्णाच्या गुडघ्यानेंच वैद्याला कांहीं तरी शिकविलें व पूर्वीचें उत्तर मागें घ्यावयास लाविलें.

मांडीचें हाड व नडगी यांच्या मध्यभागीं दोन आंखूड पण बळकट बंध एकमेकांना फुलीप्रमाणें छेदून जातात. त्यांपैकीं पुढचा बंध नडगीला पुढें सरकूं देत नाहीं, आणि पाय रोवून अंग वळवितांना सांधा सांवरून धरतो. कबड्डीचा गडी चढाईंत झटक्यानें वळतो, पाऊल जमिनींत रुतून राहतें आणि गुडघा पिळवटतो. आंत कट्‌ असा आवाज होतो व कांहीं तासांतच सांधा रक्तानें भरून सुजतो. हीं लक्षणें ल्यों येथील फ्रेंच शस्त्रवैद्य अमेदे बोने यानें १८४५ सालींच आपल्या ग्रंथांत नोंदून ठेविलीं होतीं.

शरीरांत इतरत्र जखम झाली कीं रक्ताची गुठळी धरते व तिच्या आधारानें तुटलेले भाग सांधूं लागतात. गुडघ्याच्या पोकळींतील द्रवांत मात्र ही गुठळी टिकत नाहीं. त्यामुळें बंधाचीं तुटलेलीं टोंकें बहुधा एकमेकांपासून दूरच राहतात. वेळेचा सगळा वाद या एका गोष्टींतून उत्पन्न झाला.

इंग्लंडांतील लीड्स येथें आर्थर मेयो रॉबसन यानें १८९५ सालीं एका ४१ वर्षांच्या खाणकामगाराच्या गुडघ्यांतील दोन्ही बंध शिवले. अपघातास त्या वेळीं ३६ आठवडे लोटले होते. रॉबसननें १९०३ सालीं ही हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हां तो कामगार न लंगडतां चालत होता. तथापि एका यशावरून नियम बसत नाहीं. पहिल्या महायुद्धाच्या काळांत रॉबर्ट जोन्ससारखा नामांकित अस्थिवैद्य असे बंध शिवणें व्यर्थ आहे, असें सांगत होता. ब्रिस्टल येथील हे ग्रोव्ह्‌ज यानें १९१७ मध्यें निराळीच वाट धरली. जुना बंध शिवण्याऐवजीं त्यानें मांडीच्या बाहेरच्या बाजूची चिवट पट्टी हाडांतील छिद्रांतून ओवून नवा बंध तयार केला.

ही दुसरी वाट रुळण्यास पुष्कळ काळ लागला. मध्यंतरीं शिवण्याच्याच पद्धतीला पुन्हा बळ आलें. स्टॉकहोमच्या ईव्हार पाल्मर यानें १९३८ सालीं आपल्या प्रबंधांत, आणि अमेरिकेंतील ओक्लाहोमाच्या डॉन ओडोनह्यू यानें १९५० सालीं आपल्या लेखांत, शस्त्रक्रिया लवकर करावी असा आग्रह धरला. त्यांचें तर्कशास्त्र सरळ होतें. तुटलेलीं टोंकें दिवसेंदिवस आंखडतात व विरतात. तेव्हां शिवावयाचें असेल तर तीं ताजीं असतांनाच शिवलीं पाहिजेत. वेस्ट पॉइंट येथील अमेरिकेच्या लष्करी विद्यालयांतील तरुण छात्रांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. पांच वर्षांनीं त्यांची पाहणी करून फीगिन व कर्ल यांनीं १९७६ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केला, तेव्हां बहुतेकांचे गुडघे पुन्हा अस्थिर झालेले आढळले. घाई करूनहि शिवण टिकली नव्हती.

मग नव्या बंधाची पद्धति सर्वत्र मान्य झाली. केनेथ जोन्स यानें १९६३ मध्यें गुडघ्याच्या वाटीखालील स्नायुरज्जूचा पट्टा यासाठीं वापरला होता. टोकियोच्या केंजी ताकागी यानें १९१८ सालीं मृत शरीराच्या गुडघ्यांत नळीसारखी दुर्बीण घालून पाहिलें होतें. त्या दुर्बिणीच्या साह्यानें इंग्लंडांत डेव्हिड डँडी यानें १९८० मध्यें नव्या बंधाचें रोपण केलें. आतां जुनीं टोंकें ताजीं असण्याचें कारणच उरलें नव्हतें. तरीहि घाईची जुनी संवय मात्र चालूच राहिली.

तिला धक्का दिला तो इंडियानापोलिसच्या डोनाल्ड शेलबोर्न यानें. त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९९१ सालीं १६९ तरुण खेळाडूंची तुलना प्रसिद्ध केली. दुखापतीनंतर पहिल्याच आठवड्यांत ज्यांवर शस्त्रक्रिया झाली, त्यांचे गुडघे तीन आठवडे वा अधिक थांबलेल्यांच्या मानानें पुष्कळदां आंखडले होते. सुजलेल्या सांध्यावर शस्त्र चालविलें कीं आंत व्रणतंतूंचें जाळें माजतें, व बंध नवा मिळूनहि पाय सरळ होत नाहीं.

पुढील पायरी स्वीडनमध्यें गाठली गेली. रिचर्ड फ्रोबेल व त्याच्या सहकाऱ्यांनीं २०१० सालीं १२१ तरुण रुग्णांचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांतील ६२ जणांना व्यायामोपचाराबरोबर दहा आठवड्यांच्या आंत शस्त्रक्रिया योजिली होती. ५९ जणांना आधीं केवळ व्यायाम व गरज भासल्यास मागाहून शस्त्रक्रिया. दोन वर्षांनीं दोन्ही गटांची सरासरी स्थिति सारखीच आढळली, आणि दुसऱ्या गटांतील ५९ पैकीं २३ जणांनाच शस्त्रक्रिया करावी लागली होती. पांच वर्षांनीं हें प्रमाण निम्म्यावर गेलें. नेदरलंड्समधील १६७ रुग्णांच्या २०२१ सालच्या प्रयोगांतहि, थांबलेल्यांपैकीं अर्ध्या लोकांना दोन वर्षांत शस्त्राची गरज पडली नाहीं.

यावरून शस्त्रक्रिया अनावश्यक आहे असें समजणें मात्र चुकीचें होईल. ब्रिटनमध्यें ३१६ रुग्णांवर झालेल्या व २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, ज्यांचा गुडघा जुन्या दुखापतीनें वारंवार दगा देत होता, त्यांना शस्त्रक्रियेचाच लाभ अधिक झाला. गुडघा प्रत्येक वेळीं लचकला कीं आंतील कूर्चेच्या गाद्या चिरडतात, आणि ती हानि भरून येणें कठीण असतें. गादीचा तुकडा सांध्यांत अडकून पाय सरळच होईनासा झाला, किंवा एकाच वेळीं अनेक बंध तुटले, तर थांबण्याची सवड नसते. तेथें वैद्याचा सल्ला तात्काळ घेतला पाहिजे.

म्हणजे प्रतीक्षा दोन प्रकारची आहे. सूज ओसरविणें, पाय पूर्ण सरळ व्हावा म्हणून रोज झटणें, मांडीच्या स्नायूंना पुन्हा बळ आणणें व लंगडणें घालविणें, हें त्या वेळांत झालें तर ती प्रतीक्षा उपचारच ठरते. पुढें शस्त्रक्रिया झाली तर तिची पूर्वतयारी झालेली असते. न करावी लागली तर त्याच व्यायामानें काम भागते. परंतु लचकणारा पाय घेऊन पुन्हा मैदानांत उतरणें, आणि आपोआप बरें होईल म्हणून महिने घालविणें, ही प्रतीक्षा नव्हे, हेळसांड होय.

तरुण गड्याच्या घरीं आईबापांचा पहिला प्रश्न असतो, "शस्त्रक्रियेची तारीख कोणती?" या सव्वाशें वर्षांच्या अनुभवानें त्याआधीं दोन प्रश्न घातले आहेत: सांधा शांत झाला आहे काय, आणि चालतांना तो दगा देतो काय? त्यांचीं उत्तरें पंचांगांत सांपडत नाहींत. तीं गुडघाच देतो, आणि तीं मिळाल्यावर तारीख ठरविणें वैद्याला फारसें अवघड जात नाहीं.